आधी पाय दाखवा

प्रिय आर्या आणि नील,

गेल्या रविवारी फोनवर मी तुम्हाला सांगितलं की डॉक्टर वारले. नीलने विचारलं, "ते पाय बघणारे?" आणि आर्या म्हणाली, "आजी, त्यांनीच तुला वाचवलं ना?" मी हो म्हणाले आणि लगेच तुमच्या पोहण्याच्या वर्गाची चौकशी सुरू केली. माझं उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. जव्हारच्या शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवताना मी अर्ध्या उत्तराला कधी पूर्ण गुण दिले नाहीत. तेव्हा उरलेलं अर्धं आता लिहून पाठवते. मराठीत लिहिते आहे, कारण ज्यांच्याविषयी लिहायचं ती माणसं इंग्रजीत बोललेली माझ्या कानांना चालत नाहीत. अडेल तिथे आईला विचारा.

तुम्ही मागे जव्हारला आला होतात तेव्हा संध्याकाळी एक उंच, वाकलेले गृहस्थ चहाला आले. तुमची नावं, इयत्ता काही न विचारता ते ओट्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "आधी पाय दाखवा." नील घाबरून माझ्या मागे लपला. आर्याने बूट काढले, मोजे काढले आणि पाय पुढे केला. त्यांनी तळवा पाहिला, बोटांच्या बेचक्या पाहिल्या आणि म्हणाले, "अरे वा, हे तर वापरलेलेच नाहीत."

तेच आमचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात पेशंटसाठी उंच खुर्ची होती आणि स्वतःसाठी बुटकं स्टूल. माणूस आला की पहिलं त्याचं पाऊल डॉक्टरांच्या मांडीवर जायचं. ताप असो, खोकला असो, दाढ दुखत असो. अंगठ्याने टाच चाचपत ते भेगा मोजल्यासारखे बघायचे. नव्या सुना पदरात तोंड लपवून हसायच्या. म्हातारी माणसं ओशाळायची, कारण आपल्याकडे दुसऱ्याच्या पायाला हात लावणं म्हणजे नमस्कार. दाभोशाचा एक म्हातारा तर पाय ओढून घेत म्हणाला होता, "डागतर, तू का माझ्या पाया पडतंस? मी का देव हाय?"

"देव नाहीस म्हणून तर बघतो," डॉक्टर म्हणाले. "देवाला भेगा पडत नाहीत."

डोंगरातली माणसं सगळ्यांनाच अरे-तुरे करतात, डॉक्टरलाही आणि देवालाही. त्यात अनादर नसतो. मला मात्र ते 'बाय' म्हणत. डॉक्टर मला 'बाई' म्हणत, शाळेतल्या बाई म्हणून, आणि मी त्यांना 'डॉक्टर'. इतक्या वर्षांच्या शेजारात आम्ही याच्या पुढे गेलो नाही. मला मधुमेह निघाला त्या आठवड्यापासून त्यांनीही माझ्याकडचा चहा बिनसाखरेचा घ्यायला सुरुवात केली. "तुमचा चहा तसाही जरा जास्तच गोड असायचा," एवढंच त्यावर त्यांचं भाष्य.

पण पाय बघायची सवय त्यांना पहिल्यापासून नव्हती. ते साताऱ्याकडचे. वर्षभरासाठी म्हणून जव्हारला आले आणि राहिले. सुरुवातीच्या काळात त्यांची ख्याती वेगळी होती. ते माणूस दारात उभा असतानाच रोग सांगत. चालण्यावरून, डोळ्यांच्या रंगावरून, धाप लागण्यावरून. "ताप हा रोग नाही, निरोप आहे," असं ते म्हणायचे, आणि निरोप कोणाचा हे आपल्याला दारातूनच कळतं असा त्यांना अभिमान होता. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. मलेरिया, कावीळ, टायफॉईड, लेप्टो. पावसाळ्यात आमच्याकडे येणारे पाहुणे हेच, दर वर्षी येणारे. पाड्यांवरची माणसं कौतुकाने सांगायची, "त्यो दारातच बोलतो." गर्दी इतकी असायची की दारातच बोलणं भागही होतं. त्या काळातले डॉक्टर जरा उतावळे, जरा आढ्यताखोर होते आणि मला ते तसेच आवडायचे. मीही वर्गात पोराचा चेहरा बघून गृहपाठ केलाय की नाही ते सांगायची. आमचं त्यावरून जमायचं.

आता बुधीविषयी.

बुधी जामसरच्या एका पाड्यावरची. घरची जमीन नाही, त्यामुळे नवरा ठाण्याला बांधकामावर आणि ही सासूबरोबर इकडे मिळेल त्या रोजावर. तुमच्या आजोबांनी साखरशेतच्या वाटेवर भाताचा एक लहानसा तुकडा घेतला होता. तिथे दर पावसाळ्यात आवणीला, म्हणजे भाताची रोपं चिखलात लावायला, चार-पाच बायका यायच्या, त्यांत ती असायची. अंगाने काटकुळी, बोलायला तिखट. मलाही हौस. दर वर्षी निदान एक ओळ तरी स्वतः लावायची म्हणून मी पदर खोचून उतरायची. बुधी माझ्या ओळीकडे वळून बघायची आणि बाकीच्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "बाय, शाळंत पोरांना सरळ रांगेत बसवतंस ना? मंग ही रोपं का अशी उंडारली?" मग मी लावलेलं काढून ती पुन्हा लावायची. मला ते दिसू नये इतक्या पटकन, आणि बाकीच्यांना दिसावं इतक्या सावकाश.

त्या वर्षी आवणी संपता संपता तिला ताप भरला. तिच्या सासूने आधी दोन-तीन दिवस घरीच काढले, मग जीपमध्ये घालून जव्हारला आणलं. आमचे डॉक्टर ज्या छोट्या रुग्णालयात बघत तिथेच तिला ठेवली. मलेरिया निघाला नाही. बरगडीखाली दुखत होतं, धाप लागत होती, ताप चढ-उतार करत होता. रक्तात साखर जास्त दिसली, पण सलाईन लावलेल्या माणसाची ती तशी दिसते असं धरलं गेलं. डॉक्टरांनी दारातूनच टायफॉईड म्हटलं होतं आणि त्याची इंजेक्शनं सुरू केली. मात्र त्याआधी तिच्या हातातून रक्त काढून एका बाटलीत घातलं आणि ती बाटली मोखाड्यावरून नाशिकला जाणाऱ्या एसटीत ठेवून दिली. हे त्यांनी बरोबर केलं होतं.

त्या बाटलीचं काम तुम्हाला समजायला हवं. रक्तात जंतू शिरले तरी ते इतके विरळ असतात की नुसतं रक्त काचेखाली धरून दिसत नाहीत. म्हणून त्या बाटलीत त्यांना आवडेल असं खाणं असतं, पातळ कढणासारखं. त्यात रक्त घालून बाटली उबेत ठेवायची. जंतू असले तर विरजण लागावं तसे वाढतात. मग ते ताटलीवर पसरून ओळखायचे आणि कोणतं औषध त्यांना मारतं तेही बघायचं. एकच अडचण असते. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर जंतू असतात, आणि सुई टोचताना त्यांतला एखादा बाटलीत जाऊ शकतो. मग जे उगवलं ते रक्तातलं की कातडीवरचं, हा प्रश्न पडतो. म्हणून दोन्ही हातांतून वेगवेगळं रक्त घ्यायचं असतं. दोन्हीकडे तोच उगवला तर तो रक्तातलाच. पण आमच्याकडे बाटल्यांची तेव्हा टंचाई होती. बुधीची एकच गेली.

नाशिकहून फोन आला तेव्हा मी तिच्या खाटेपाशी होते. नाचणीची आंबील घेऊन गेले होते. बुधीने दोन घोट घेतले आणि म्हणाली, "बाय, आंबील बी तुझी तिरकीच झालीय." डॉक्टर वॉर्डातच फोनवर बोलत होते. प्रयोगशाळेतल्या माणसाने सांगितलं की काहीतरी उगवलंय, पण ते नेहमीच्या ओळखीतलं नाही, बहुधा कातडीवरचं किंवा बाहेरचं असावं. डॉक्टरांनी फोन ठेवला आणि नर्सला म्हणाले, "काही नाही. घाण आहे. रक्त घेताना हात नीट पुसला नसेल."

नर्सला ते लागलं. ती म्हणाली, "सर, स्पिरिटने दोनदा पुसला होता. पण यांचे हात बघा ना. चिखल गेलाय का?"

डॉक्टरांनी बघितलं. मीही बघितलं. आवणीचा चिखल नखांत आणि बोटांच्या चिरांत बसतो तो दिवाळीपर्यंत जात नाही. बुधीचे हात तसेच होते, काळ्या रेघारेघांचे. त्या हातांकडे बघून डॉक्टरांना प्रयोगशाळेचं म्हणणं पटलं. मलाही पटलं. खाटेवर ती होती, तिचे हात तसे होते, आणि बाटलीत घाण निघाली होती. यात विचारण्यासारखं काही आहे असं आम्हा दोघा शिकलेल्या माणसांना वाटलं नाही. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

तिची सासू कोपऱ्यात बसली होती. ती उठली, बाहेरच्या नळावरून बादली भरून आणली, पिशवीतून कपड्यांचा साबण काढला आणि सुनेचे हात घासायला लागली. मनगटापासून खांद्यापर्यंत, सुई लावलेली जागा सोडून. बुधी तापाने फणफणलेली, लहान मुलासारखी हात पुढे करून बसली होती. वॉर्डातल्या बाकीच्या बायका बघत होत्या. बुधी त्यांना सांगत होती, "आवणीचा हाय. रोज धुती मी. रोज." नेहमी दुसऱ्याची फिरकी घेणारी ती बाई तेव्हा कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी होती. ताप थोडा उतरला होता म्हणून नेली असेल असं नर्स म्हणाली. तसं नव्हतं. आपल्या माणसाच्या रक्तात घाण निघाली हे चार बायकांसमोर ऐकल्यावर सासूला तिथे बसवेना. आठवडाभरात बुधी पाड्यावरच वारली.

नाशिकच्या त्या प्रयोगशाळेत एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी ती ताटली फेकली नव्हती. काही दिवसांनी तिच्यावरची वाढ सुकून सुरकुतल्यासारखी दिसायला लागली, आणि कातडीवरचे जंतू असे सुरकुतत नाहीत, म्हणून त्यांनी ती मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवली. उत्तर यायला वेळ लागला. रोगाचं नाव मेलिऑइडोसिस. त्याचा जंतू भातशेताच्या ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो, पायाच्या भेगेतून किंवा जखमेतून आत जातो, कधी श्वासातूनही. मधुमेह असला तर त्याचं फावतं. नेहमीची बरीचशी औषधं त्याला लागू पडत नाहीत. वेगळं औषध शिरेतून काही आठवडे द्यावं लागतं आणि मग गोळ्या काही महिने. आमच्या डोंगरात असा रोग असेल हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. ते नंतर अनेकदा म्हणायचे, "रक्तात ओळखीचाच कोणी सापडला पाहिजे, असा नियम कुठे आहे?" पण ते स्वतःला कधी या न माहीत असण्याबद्दल बोल लावत नसत. त्यांची लाज वेगळ्या जागी होती.

नाशिकचा तो निरोप आला त्या संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "बाई, जामसरला चला माझ्याबरोबर."

"कशाला?"

"सांगायला."

मी म्हटलं, आता सांगून तिला काय मिळणार, उगाच तिच्या म्हाताऱ्या सासूची जखम उघडेल. डॉक्टर म्हणाले, "बाई, ती झाकलेली आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

आम्ही जामसरला पोचलो तेव्हा म्हातारी दारात बसून बांबूचे कोंब चिरत होती. डॉक्टर तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुझ्या सुनेच्या अंगावरची घाण नव्हती ती. रोगच होता. मी ओळखला नाही."

ती चिरत राहिली. "माझी सून मळकी नव्हती ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "मी धुतली तिला."

"हो. मी बघितलं."

"मंग मला का सांगतंस? पाड्याला सांग. पाडा मला बोलतो, सुनंला घाणीत ठेवलीस, म्हणून रक्त नासलं."

मला हे ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनाही नव्हतं. ते गेले आणि हापशापाशी उभे राहिले. जी माणसं होती ती जमली. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्याने, एकही वाक्य मऊ न करता. सासूने सुनेला नीट ठेवलं होतं. घाण म्हणणारा मी. चूक माझी. मी त्यांच्या मागे उभी होते आणि माझी नजर हापशाखालच्या दगडावरून वर जात नव्हती. 'मलाही तसंच वाटलं होतं' हे मी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

मग एकाने विचारलं, "त्यो जंतू ऱ्हातो कुठं?"

"चिखलात," डॉक्टर म्हणाले. "आवणीच्या."

"मंग आम्ही कुठं ऱ्हावं?" तो म्हणाला, आणि दोघं-तिघं हसले. म्हातारी हसली नाही. ती चालत आली, हापशाच्या कठड्यावर बसली आणि तिने एक पाय पुढे केला. "बघ. हे आमचं पाय. चिखलात नाय तं कुठं घालायचं? तुझ्या टेबलावर?"

डॉक्टर तिथे ओल्या जमिनीवर बसले आणि त्यांनी तो पाय मांडीवर घेतला. टाचेच्या भेगा इतक्या खोल होत्या की त्यांत रुपयाचं नाणं उभं राहिलं असतं. त्यांनी दुसराही पाय मागितला. मग शेजारच्या बाईचा. पाय बघायची सवय त्या दिवशी हापशापाशी लागली. बुटकं स्टूल दवाखान्यात नंतर आलं.

दारातून रोग सांगणं त्यांनी त्यानंतर बंद केलं. काही लोक नाराज झाले, त्यांना वाटलं डॉक्टर म्हातारा झाला, त्याची विद्या गेली. दरम्यान त्यांनी एक वेडेपणाही केला. कुठून तरी गमबूट मिळवून पाड्यांवर वाटले. आवणीच्या चिखलात गमबूट घालून पाऊल टाकलं की पाय वर येतो आणि बूट खाली राहतो, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. सगळ्यांनी आनंदाने घेतले. पुढच्या वर्षी आम्ही गेलो तर एका घरी बुटात काकडीचं बी टांगून ठेवलेलं, दुसऱ्या घरी कोंबडी अंड्यावर बसलेली. "डागतर, कोंबडीला जंतू लागला नाय बघ," घरवाली म्हणाली. डॉक्टर इतके हसले की त्यांना खोकला आला. मग त्यांनी सोपं तेच धरलं. शेतातून आल्यावर पाय साबणाने धुवा, पुसा, भेगांना तेल लावा, जखम असेल तर बांधल्याशिवाय उतरू नका, आणि ताप आला तर लगेच या. काहींनी ऐकलं.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात मला ताप आला.

मी माझी एक ओळ लावायला उतरले होते. टाचेला भेग होती, मधुमेह होता, डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. कोणत्या मातीतून ते आलं हे कळायला मार्ग नाही, बुधीला आमच्याच तुकड्यातून आलं की दुसऱ्या कोणाच्या, हेही नाही. हुडहुडी भरली तेव्हा डॉक्टर घरी आले आणि पलंगाच्या पायथ्याशी बसले. "आधी पाय," ते म्हणाले. मी चादर बाजूला केली. त्यांनी टाच बघितली आणि पुढे एकही प्रश्न विचारला नाही. दोन्ही हातांतून वेगवेगळं रक्त घेतलं. माझ्यासमोरच त्यांनी नाशिकच्या त्या डॉक्टरबाईंना फोन लावला. "बाटल्या पाठवतोय. काही उगवलं तर घाण म्हणून टाकू नका. आधी मला फोन करा. आणि सुरकुतेपर्यंत वाट बघायची माझी तयारी नाही, औषध आताच सुरू करतोय." ते औषध त्यांच्याकडे होतं. बुधी गेल्यापासून दर पावसाळ्यात ते थोडं आणून ठेवायचे आणि न लागता मुदत संपली की टाकून द्यायचे.

तुमच्या मामाने गाडी पाठवली आणि मला नाशिकला हलवलं. तिथल्या रुग्णालयात पहिल्याच दिवशी एका नर्सने कोमट पाण्याचं घमेलं आणलं आणि माझे पाय धुतले. नखांत चिखल होता, टाचेत होता, माझ्याही हातांच्या चिरांत होता. ती म्हणाली, "आजी, शेतात काम करता या वयात? कमाल आहे तुमची." तिच्या आवाजात कौतुक होतं. मी भिंतीकडे तोंड केलं. तिला वाटलं पाणी गरम आहे.

दोन्ही हातांच्या बाटल्यांत तोच जंतू उगवला. नाशिकच्या डॉक्टरबाई मुद्दाम मला बघायला आल्या. हसऱ्या, हुशार बाई. म्हणाल्या, "तुमचं निदान पटकन झालं, कारण तुमच्याच भागातला एक जुना नमुना आमच्याकडे जपून ठेवलेला आहे. शेजारी ठेवून बघितला. दोघांचं रूप एकच." मी विचारलं, कोणाचा नमुना. त्यांना नाव माहीत नव्हतं. त्यांच्याकडे नंबर होता आणि 'जव्हार' एवढं होतं.

शिरेतून औषध काही आठवडे चाललं, मग गोळ्या हिवाळा संपेपर्यंत. मी बरी झाले. घरी आल्यावर पहिल्यांदा डॉक्टर चहाला आले तेव्हा मी त्यांना विचारलं. बरेच दिवस मनात होतं. "डॉक्टर, समजा बुधी नसतीच. समजा पहिली मीच आले असते, एकच बाटली, काहीतरी अनोळखी उगवलेलं. तुम्ही काय म्हणाला असतात?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या रक्तात घाण निघाली, हे माझ्या मनातच आलं नसतं. मी पुन्हा बाटली पाठवली असती."

एवढंच. नंतर दोघांचाही चहा निवला. हेच ते उरलेलं अर्धं उत्तर आहे, मुलांनो. त्यांनी मला वाचवलं हे खरं. पण कसं वाचवायचं हे ते जिच्यावर शिकले, ती माझी ओळ सरळ करणारी बाई होती. आणि तिच्या हातांवर आणि माझ्या हातांवर एकाच जातीचा चिखल असताना एकीचा लाजिरवाणा ठरला आणि दुसरीचा कौतुकाचा.

अंगात बळ आल्यावर मी जामसरला गेले. म्हातारीला सांगितलं की मला तोच रोग झाला होता, आणि मी जगले. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. मला वाटलं होतं ती रागावेल, निदान उठून आत जाईल. त्यासाठी मी मनाची तयारी करून गेले होते.

"एकीचं तरी येळंवर कळलं," ती म्हणाली, आणि आतून बसायला गोणपाट आणलं. तिने रागवायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

डॉक्टरांचं हृदय थकलं आणि गेल्या वर्षी त्यांच्या बहिणीने त्यांना साताऱ्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या सकाळी दवाखान्यासमोर बरीच माणसं होती. कोणी नाचणी आणली होती, कोणी काकडी. म्हातारी जामसरहून जीपने आली होती. डॉक्टर तिला नमस्कार करायला वाकणार तोच ती म्हणाली, "पाय दाखव, डागतर."

ते गाडीला टेकून उभे राहिले आणि त्यांनी चप्पल काढली. ती खाली बसली. एक तळवा बघितला, मग दुसरा, बोटांच्या बेचक्याही, सगळं त्यांच्याच पद्धतीने. कोणी हसलं नाही.

"चांगलं हायेत," ती म्हणाली. "जा आता."

गाडी मोखाड्याच्या बाजूला न जाता खाली उतरणाऱ्या रस्त्याला लागली. ते पुन्हा आले नाहीत. या महिन्यात बहिणीचा फोन आला.

तुम्ही पुढच्या वर्षी याल तेव्हा तो दवाखाना तुम्हाला दाखवीन. तिथे आता एक तरुण डॉक्टर मुलगी बसते. ती पाय बघत नाही, पण तापाच्या प्रत्येक पेशंटचं रक्त औषधाआधी दोन हातांतून घेते, आणि अनोळखी काही उगवलं तर पुन्हा पाठवते, माणूस कोणीही असो. बुटकं स्टूल माझ्या ओट्यावर आहे. आणि नाशिकच्या त्या प्रयोगशाळेत, गोठलेल्या एका इवल्याशा नळीत, तो जंतू अजून जिवंत आहे. नळीवर नंबर आहे आणि गावाचं नाव आहे. तो ज्या बाईच्या रक्तातला, ती बुधी होती.

— तुमची आजी